सोऽहं साधक स्वामी स्वरूपानंद, पावस

श्रींच्या कृपेने आणि देणगीदारांच्या सढळ हाताने आपल्या मंदिराचा जीर्णोद्धार पार पडला. सभामंडप प्रशस्त झाला, नवी फरशी बसली, कळस चढला. दर्शनास येणाऱ्याची आता कोणतीच गैरसोय राहिली नाही. परंतु एक काम असे आहे की, ते कोणत्याही गवंड्याला वा सुताराला अंगावर देता येत नाही. देवापुढे हात जोडून उभ्या राहिलेल्या माणसाचे मन त्या वेळी असते कोठे? ते बाहेर काढून ठेवलेल्या चपलांपाशी असते, एस.टी.च्या वेळेपाशी असते, कालच्या बांधाच्या भांडणात आणि उद्याच्या कोर्टाच्या तारखेत असते. शरीर गाभाऱ्यासमोर आणि मन गावभर, अशी ही घरोघरची कहाणी आहे.

हे हिंडते मन जागेवर आणण्याची एक फार जुनी वाट महाराष्ट्रात आहे आणि तिला पैसा लागत नाही. ती वाट म्हणजे स्वतःच्या श्वासाकडे लक्ष ठेवणे. नाथ संप्रदायात हिला सोऽहं साधना म्हणतात. विसाव्या शतकात ही वाट स्वतः शेवटपर्यंत चाललेले आणि साध्या संसारी माणसांस बोट धरून तिच्यावर आणणारे सत्पुरुष म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातील पावस येथील स्वामी स्वरूपानंद. त्यांचे चरित्र येथे थोडक्यात देण्यात येत आहे.

पावस हे रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस, समुद्रापासून जवळ असलेले माडापोफळींचे गाव. या गावी गोडबोले कुळात मार्गशीर्ष वद्य द्वादशी, शके १८२५, म्हणजे दि. १५ डिसेंबर १९०३ रोजी स्वामींचा जन्म झाला. वडिलांचे नाव विष्णुपंत, मातोश्रींचे रखमाबाई. मुलाचे नाव रामचंद्र ठेवण्यात आले. प्राथमिक शिक्षण पावसला, पुढचे रत्नागिरीस आणि त्यानंतर मुंबईस आर्यन एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत झाले. कोकणातल्या हुशार मुलाची ही नेहमीचीच वाट होती. पुढे मॅट्रिक, मग एखादी नोकरी, आणि गावी मनिऑर्डर. घरच्यांची अपेक्षाही याहून वेगळी असण्याचे कारण नव्हते.

पण काळ वेगळा होता. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत लोकमान्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी महात्मा गांधींनी असहकाराची हाक दिली आणि सरकारी शिक्षणावर बहिष्कार घालण्यास तरुणांना सांगितले. ज्या अनेक विद्यार्थ्यांनी ती हाक मनावर घेतली त्यांत रामचंद्र गोडबोले हे एक. त्यांनी शाळा सोडली आणि ते पावसला परत आले. आज एखाद्या मुलाने ऐन परीक्षेच्या तोंडावर असे केले तर घरात काय होईल, याची कल्पना प्रत्येक बापाने आपल्यापुरती करून पाहावी. गावी येऊन ते स्वस्थ बसले नाहीत. स्वावलंबनाश्रम या नावाची राष्ट्रीय शाळा त्यांनी गावात काढली आणि मुलांना अक्षरांबरोबर स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे शिक्षण देण्यास सुरुवात केली. खादी अंगावर आली ती कायमची.

देशकार्याची अशी ओढ असताना मनात दुसरीही एक ओढ होती. ज्ञानेश्वरीचे वाचन चालू होते, आणि वाचलेले अनुभवास कसे यावे हा प्रश्न सुटत नव्हता. त्यांचे मामा पुण्यातील सद्गुरू बाबामहाराज वैद्य यांच्या संप्रदायातले होते. बाबामहाराजांनाच गणेशनाथ म्हणतात. मामांनी भाच्याला त्यांच्याकडे नेले आणि १९२३ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, रामचंद्रांस त्यांचा अनुग्रह झाला. कानात पडले ते फक्त दोन अक्षरांचे, सो आणि हं.

ही परंपरा कोठून आली हे थोडे सांगावयास हवे, कारण वाचणाऱ्यास वाटेल की नाथपंथ म्हणजे भगवी वस्त्रे, कानांत कुंडले आणि रानातले तप. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ अशी ही माळ आहे. गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना दीक्षा दिली आणि निवृत्तिनाथांनी धाकट्या भावाला, म्हणजे ज्ञानेश्वर महाराजांना. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली तेव्हा ग्रंथाच्या शेवटी माउलींनी आपली ही गुरुपरंपरा स्वतः सांगून ठेवली. पुढे हीच माळ घरादारात राहणाऱ्या, प्रपंच करणाऱ्या माणसांमधून एकेक मणी ओवीत शतकानुशतके चालत आली. जे ज्ञान रानात होते ते ओसरीवर आले, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता ही साधना म्हणजे नेमके काय? तिच्याविषयी उगाच गूढ समजूत आहे. श्वास कोंडून धरावयाचा नाही, नाकपुडी दाबावयाची नाही, मोजून आत-बाहेर करावयाचा नाही. त्या प्राणायामाच्या क्रिया निराळ्या आणि त्या जाणकारावाचून करूही नयेत. येथे श्वास जसा आहे तसा असू द्यावयाचा. तो आत येताना सो, बाहेर जाताना हं, असा त्याचा नाद मनातल्या मनात ऐकावयाचा. जीभ हलवावयाची नाही, माळ ओढावयाची नाही. श्वास तर आपण झोपलो तरी चालूच असतो. म्हणजे हा जप प्रत्येकाच्या देहात जन्मल्यापासून सुरूच आहे. म्हणून याला अजपाजप असे नाव पडले, न जपता होणारा जप. सोऽहं म्हणजे तो मी आहे. आपण फक्त तिकडे लक्ष द्यावयाचे एवढेच बाकी राहिलेले असते.

जुन्या लोकांनी याचा हिशेबही करून ठेवला आहे. मिनिटास १५ श्वास धरले तर तासाचे ९०० आणि अहोरात्रीचे २१,६०० होतात. योगग्रंथांत हाच आकडा येतो आणि डॉक्टरांच्या मोजणीशी तो जुळणारा आहे, कारण स्वस्थ बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. वर्षाचे झाले ७८ लाख ८४ हजार. सत्तर वर्षांचे आयुष्य धरले तर जमेच्या बाजूस ५५ कोटींवर श्वास येतात. घरातल्या तांदळाच्या कणगीचा, गोठ्यातल्या गुरांचा, पतपेढीच्या हप्त्याचा हिशेब माणूस चोख ठेवतो. हे ५५ कोटी मात्र एकही नोंद न होता खर्ची पडतात.

यातली खरी मेख अशी की, कालचा श्वास आज घेता येत नाही आणि उद्याचा आजच घेऊन ठेवता येत नाही. मन कालमध्ये जाते, उद्यामध्ये जाते. श्वास मात्र नेहमी आत्ताचाच असतो. म्हणून ज्याने श्वासाला धरले तो आपोआप आत्तामध्ये येतो. मन पळणारच, कारण तो त्याचा स्वभाव आहे. खुंट्याला बांधलेले वासरू दावे ताणते, गोल फिरते आणि शेवटी खुंट्याशीच येऊन बसते. पळालेले मन पुन्हा श्वासापाशी आणावयाचे, आणि ते पळाले म्हणून रागवावयाचे नाही. साधना म्हणतात ती एवढीच. ऐकावयास सोपी आहे. पाच मिनिटे करून पाहिली म्हणजे किती अवघड ते कळते.

अनुग्रहानंतर रामचंद्रांनी प्रपंचही केला नाही आणि देशकार्यही सोडले नाही. पुण्यास टिळक महाविद्यालयात राहून त्यांनी वाङ्मयविशारद ही पदवी मिळविली. पुढे सविनय कायदेभंगाच्या चळवळीत त्यांनी भाग घेतला व त्यांस येरवड्याच्या तुरुंगात जावे लागले.

तुरुंगात माणसाला दुसरे काही उरत नाही, दिवस मात्र उरतात. कैदी भिंतीवर रेघा ओढतो, सुटण्याची तारीख मोजतो, घरच्या पत्राची वाट पाहतो. तो असतो कोठडीत आणि जगतो सुटकेच्या दिवसात. ज्याला श्वासापाशी बसण्याची सवय लागली आहे त्याला मात्र कोठडी ही बसण्याची जागा होते. या तुरुंगवासातच त्यांच्या हातून नवरत्नहार हे छोटे काव्य झाले, आणि त्याचा विषय होता सद्गुरू. राजबंदी म्हणून गेलेल्या तरुणाने तेथे सरकारवर एखादी कविता लिहिली असती तरी कोणास नवल वाटले नसते.

येथवरचे आयुष्य पाहिले तर वाटते की, हा माणूस पुढे मोठा कार्यकर्ता होणार. कदाचित झालेही असते. पण १९३४ च्या सुमारास त्यांना पावस येथे मोठे आजारपण आले. ते लांबत गेले. देह इतका क्षीण झाला की, आता हे राहत नाहीत असे जवळच्यांस वाटू लागले. शुश्रूषेची सोय व्हावी म्हणून त्यांस गावातील देसाई मंडळींच्या घरी नेण्यात आले. त्या घराचे नाव अनंत निवास.

त्यांच्या चरित्रातला हाच खरा कसोटीचा काळ. तोपर्यंत साधना चालू होती, पण तीस वर्षांच्या तरुणाला मरण दूरच वाटते. ते आता उशाशी येऊन बसले. मरणाच्या भीतीत श्वास कसा होतो हे ज्याने एखाद्या रोग्याजवळ रात्र जागून काढली आहे त्यास सांगावयास नको. माणूस घाबरला की श्वास उथळ आणि घाईचा होतो, आणि श्वास घाईचा झाला की मन आणखी घाबरते. दोघे एकमेकांस ओढीत नेतात. पडल्या जागी हात हलविण्याची शक्ती नाही, ग्रंथ हाती धरवत नाही, देवळात जाणे नाही, पूजा नाही. अशा वेळी जवळ उरले ते फक्त गुरूने दिलेले ते दोन अक्षरांचे भान आणि आत-बाहेर होणारा श्वास. तोच त्यांनी धरून ठेवला. देह जाईल तर जाईल, जो पाहतो आहे तो कोठे जातो ते पाहू, अशा निश्चयाने ते मरणास सामोरे गेले. या काळातली मनाची तळमळ, देवाला घातलेली साद, भीती गळून पडणे आणि त्यानंतरचे समाधान ही सर्व अवस्था त्यांच्या अमृतधारा या साक्यांच्या छोट्या ग्रंथात उतरली आहे. त्यांचे इतर ग्रंथ विद्वत्तेने वाचता येतील, पण हे लहान पुस्तक ज्याच्या घरात आजारी माणूस आहे त्याने वाचावे.

ते त्या दुखण्यातून उठले, पण प्रकृती कायमची नाजूक राहिली. पूर्वीची धावपळ होणार नाही हे स्पष्ट झाले. तात्पुरते म्हणून ज्या घरात आणले होते त्याच घरात ते राहिले, आणि राहिले ते थोडेथोडके नाही, चाळीस वर्षे. एक खोली, एक बिछाना, अंगावर साधी खादी. रामचंद्र गोडबोले हे नाव हळूहळू मागे पडले आणि लोक स्वामी स्वरूपानंद म्हणू लागले. ज्या देसाई कुटुंबाने परक्या माणसाला चाळीस वर्षे घरचा देव मानून सांभाळले, त्यांचेही नाव या चरित्रात आदराने घ्यावयास हवे. आपल्याकडे आठ दिवस राहिलेला पाहुणा जड होतो.

येथे एक शंका येते आणि ती दडवून ठेवण्यात अर्थ नाही. ज्या तरुणाने देशासाठी शाळा सोडली, तुरुंग भोगला, त्याने पुढे एका खोलीत बसून आयुष्य काढले. देशाला त्याचा काय उपयोग झाला? पुढे १९४२ आले, १९४७ आले, तुरुंगात गेलेल्यांपैकी कित्येक मोठे पुढारी झाले. स्वामी मात्र पावसच्या बाहेर पडले नाहीत. शंका योग्य आहे. प्रकृतीने रस्ता बंद केला हे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर त्या खोलीत जाऊन आलेल्या माणसांनी दिले आहे. लांबलांबून लोक येत. कोणाची नोकरी गेलेली, कोणाचे मूल गेलेले, कोणाला नुसताच परमार्थाचा ध्यास. स्वामी फार बोलत नसत. आवाज हळू, वाक्ये मोजकी. पण समोरच्याचे म्हणणे ते पूर्ण ऐकत आणि त्या वेळी त्यांचे दुसरीकडे कोठेही लक्ष नसे. ऐकणारा माणूस खरोखर ऐकतो आहे, हा अनुभव जगात इतका दुर्मीळ आहे की, तेवढ्यानेच कित्येकांचे निम्मे दुःख हलके होई. चाळीस वर्षे दारात आलेल्या प्रत्येकाला आपले पूर्ण लक्ष देणे याला उपयोग म्हणावयाचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.

ज्यांस पात्र पाहिले त्यांस त्यांनी सोऽहं दीक्षा दिली. घरदार सोडा असे सांगितले नाही. कारकुनाने कचेरीत, शेतकऱ्याने शेतात, बाईने चुलीपाशी आपले काम करीत राहावे. सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ बसून श्वासाकडे पाहावे आणि दिवसभरात आठवण होईल तेव्हा पुन्हा तिकडे वळावे, असा हा मार्ग होता. औत हाकताना पावलागणिक श्वास चालतोच. दळताना, निवडताना, पाणवठ्यावरून चढण चढताना तो चालतोच. निराळा वेळ नाही ही सबब या साधनेस लागू पडत नाही, आणि म्हणूनच ती टाळणे कठीण जाते.

त्या खोलीत झालेले दुसरे मोठे काम म्हणजे ग्रंथलेखन. ज्ञानेश्वरी घराघरांत असते, तांबड्या फडक्यात बांधलेली, पण सातशे वर्षांपूर्वीची मराठी आजच्या माणसास सहज कळत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. स्वामींनी नऊ हजारांहून अधिक असलेल्या ओव्या एकेक करून सोप्या अभंगांत आणल्या. हीच त्यांची अभंग ज्ञानेश्वरी. भगवद्गीता भावार्थ गीता म्हणून मराठी पद्यात आणली, माउलींचा अमृतानुभव आणि चांगदेव पासष्टी ही कठीण प्रकरणेही अभंगरूप केली. स्वतंत्र अभंगांची संजीवनी गाथा निराळीच. ज्यांना संपूर्ण ज्ञानेश्वरी रोज वाचणे होत नाही त्यांच्यासाठी शंभरावर निवडक ओव्यांचा नित्यपाठ करून दिला, तो आजही अनेक घरांत म्हटला जातो. दुखणाईत देहाने, गादीवर बसल्या बसल्या हे सर्व झाले. नऊ हजार ओव्यांचे काम नऊ हजारांकडे पाहून होत नाही. समोरची एक ओवी, ती झाली की पुढची. श्वासाचीही रीत हीच आहे.

स्वामींविषयी चमत्काराच्या गोष्टी सांगितल्या जातात, जशा प्रत्येक सत्पुरुषाविषयी सांगितल्या जातात. त्या येथे मुद्दाम दिलेल्या नाहीत. मरणाच्या दारात पडलेल्या माणसाची भीती जाते आणि त्यानंतर चाळीस वर्षे एका जागी बसूनही तो कंटाळत नाही, कडवट होत नाही, हे काय लहान आहे? पावसाळ्याचे चार दिवस घरात अडकून पडलो तरी आपण घरच्यांवर खेकसू लागतो.

दि. १५ ऑगस्ट १९७४ रोजी सकाळी पावस येथे स्वामींनी देह ठेवला. तिथी होती श्रावण वद्य द्वादशी. जन्म द्वादशीचा, प्रयाणही द्वादशीचेच. त्या दिवशी गावोगावच्या शाळांतून स्वातंत्र्यदिनाचे झेंडावंदन चालू होते. ज्या झेंड्यासाठी त्यांनी शाळा सोडली होती, त्याच झेंड्याचे. वय ७० वर्षे ८ महिने.

पावसला त्यांचे समाधिमंदिर आहे. रत्नागिरीहून एस.टी.ने जाता येते. दुपारी येणाऱ्या प्रत्येकास खिचडीचा प्रसाद मिळतो, जातपात विचारली जात नाही. अनंत निवासातील ती खोलीही भाविक पाहतात. पाहण्यासारखे तेथे फार काही नाही. आत गेलेला माणूस नमस्कार करतो, थोडा वेळ भिंतीला टेकून बसतो, आणि खोली इतकी शांत असते की, काही वेळाने त्यास स्वतःचाच श्वास ऐकू येऊ लागतो.